साव्हॉयचा ड्यूक आठवा आमादेउस, म्हणजेच पोप पाचवा फेलिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवा आमादेउस नेमका कोण होता?

आठवा आमादेउस हा आल्प्स पर्वताच्या दोन्ही उतारांवर पसरलेल्या साव्हॉय या राज्याचा अधिपती होता. त्याचा जन्म ४ सप्टेंबर १३८३ रोजी शांबेरी येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी, १३९१ मध्ये, तो काउंट झाला आणि १४१६ मध्ये जर्मन राजा सिगिस्मुंडने त्याला ड्यूक हा त्याहून वरचा किताब दिला. १४३४ मध्ये त्याने दैनंदिन कारभार मुलाकडे सोपवून जिनिव्हा सरोवराच्या काठी व्रतस्थ जीवन पत्करले. पाच वर्षांनी, १४३९ मध्ये, आजच्या स्वित्झर्लंडमधील बाझल येथे भरलेल्या धर्मपरिषदेने त्याची पोप म्हणून निवड केली आणि त्याने पाचवा फेलिक्स हे नाव घेतले. त्या वेळी दुसरा पोप हयात होता आणि पदावरही होता, त्यामुळे कॅथलिक परंपरा फेलिक्सला प्रतिपोप म्हणते. त्याच्यानंतर युरोपच्या इतिहासात दखल घ्यावी असा प्रतिपोप झाला नाही. १४४९ मध्ये त्याने ते पद सोडले, कार्डिनल, म्हणजे पोप निवडण्याचा अधिकार असलेला वरिष्ठ धर्माधिकारी, म्हणून उरलेले आयुष्य घालवले आणि ७ जानेवारी १४५१ रोजी जिनिव्हात त्याचा मृत्यू झाला.

फ्रेंचमध्ये त्याला आमेदे, इटालियनमध्ये आमेदेओ म्हणतात. या पानावर लॅटिन रूप वापरले आहे, कारण त्याची कागदपत्रे मुख्यतः लॅटिनमध्ये आहेत आणि त्याच्यावर हक्क सांगणारे देश आज एकाहून अधिक आहेत.

साव्हॉय म्हणजे आजच्या नकाशावरचा कोणता भाग?

आजच्या फ्रान्समधील साव्हॉय आणि ओत-साव्हॉय हे जिल्हे, स्वित्झर्लंडमधील व्हो हा प्रदेश, इटलीतील आओस्ता खोरे आणि पिएमोंत, शिवाय १३८८ पासून समुद्रकाठचे नीस शहर एवढा पसारा या घराण्याच्या हाती होता. नावापुरते हे राज्य पवित्र रोमन साम्राज्याचे मांडलिक होते. त्याचे खरे बळ मात्र घाटवाटांमध्ये होते. मों-स्नी आणि ग्रँड सेंट बर्नार्ड हे दोन मोठे घाट साव्हॉयच्या ताब्यात असल्यामुळे फ्रान्समधून इटलीकडे जाणारा व्यापारी, यात्रेकरू किंवा लष्कर यांना बहुधा या घराण्याच्या नाक्यांवरूनच जावे लागे. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती जकात, हा हिशेब सह्याद्रीच्या परिसरातील वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

इतक्या लहान वयात सत्ता हाती कशी आली?

त्याचा बाप सातवा आमादेउस याला तांबडा काउंट म्हणत. १३९१ च्या शरद ऋतूत तोनों गावाजवळ शिकारीच्या वेळी तो घोड्यावरून पडला आणि काही आठवड्यांत, १ नोव्हेंबर रोजी, जिनिव्हा सरोवराकाठच्या रिपाय येथील शिकारखान्यात मरण पावला. त्याच्या आजाराची लक्षणे वाचली तर आज धनुर्वाताचा संशय येतो, पण तेव्हाच्या लोकांना विषप्रयोगाचा आला. औषध तयार करणाऱ्या एका माणसाला त्यासाठी देहदंड मिळाला आणि पुढे तो निर्दोष असल्याचे जाहीर करण्यात आले. ओतों द ग्रांसों या कवी सरदारावरही आळ आला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे न्याय द्वंद्वयुद्धावर सोपवला गेला आणि १३९७ मध्ये बूर्ग-आं-ब्रेस येथे ओतों त्या द्वंद्वात मारला गेला.

राजपुत्र अल्पवयीन असल्यामुळे कारभार कोणी पाहावा यावरून त्याची आजी आणि आई यांच्यात वाद झाला. आजी बोन द बूर्बों, आई बोन द बेरी; दोघींचे नाव एकच असल्याने या काळाची हकिगत वाचताना गोंधळ होतोच. अखेर या वादात शेजारच्या बर्गंडीच्या ड्यूकने हात घातला आणि आपली मुलगी मेरी हिचा विवाह या बालकाशी ठरवून टाकला. बापाचा संशयास्पद मृत्यू, घरातील भाऊबंदकी आणि शेजाऱ्याची पालकत्वाची घाई हे सारे दहा वर्षांच्या आत पाहिलेला मुलगा पुढे सावध, अबोल आणि कागदावर सही करण्याआधी प्रत्येक कलम वाचणारा झाला, यात नवल वाटत नाही.

ड्यूक म्हणून त्याची कामगिरी काय?

तलवारीपेक्षा खरेदीखत, वारसाहक्क आणि तह यांवर त्याचा भर होता, म्हणूनच त्याला शांतताप्रिय हे उपनाम मिळाले. १४०१ मध्ये त्याने जिनिव्हाच्या भोवतालची जहागीर ४५,००० सुवर्ण फ्रँकना विकत घेतली. ही जहागीर ज्या घराण्याची होती, त्याचा शेवटचा पुरुष वारस रोबेर हा सातवा क्लेमेंट या नावाने आजच्या फ्रान्समधील आव्हिन्यों येथे प्रतिपोप म्हणून बसला होता आणि १३९४ मध्ये वारला होता. म्हणजे एका प्रतिपोपाच्या घराण्याची जमीन भावी प्रतिपोपाने विकत घेतली; हा योगायोग असला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिनिव्हा शहर मात्र या व्यवहारात आले नाही, कारण तेथे बिशपची सत्ता होती, आणि ते शहर त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेले नाही.

फेब्रुवारी १४१६ मध्ये सम्राट होण्याच्या वाटेवर असलेला राजा सिगिस्मुंड शांबेरीस आला असता त्याने साव्हॉयला डची, म्हणजे ड्यूकचे राज्य, असा दर्जा दिला. १४१८ मध्ये घराण्याची तिथली शाखा निर्वंश झाल्याने पिएमोंत त्याच्याकडे आले. १४२७ मध्ये मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती याने त्याला व्हेर्चेल्ली हे शहर दिले आणि पुढच्याच वर्षी आमादेउसच्या मेरी या मुलीशी विवाह केला.

यापेक्षाही टिकाऊ काम म्हणजे १४३० मध्ये जाहीर झालेली कायद्यांची संहिता. विखुरलेल्या खोऱ्यांत प्रत्येक गावाची रीत वेगळी असताना त्याने न्यायालये, नोटरी, शुल्क, अधिकाऱ्यांची कर्तव्ये यांबाबत संपूर्ण राज्याला एक नियमावली दिली. गरिबांची बाजू मांडण्यासाठी सरकारी वकिलाची सोय तिच्यात होती. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड घालावे हेही तिच्यात ठरवून दिले होते. त्याच संहितेत ज्यूंना वेगळ्या वस्तीत राहण्याची सक्ती होती, आणि शांतताप्रिय या उपनामाचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य ठरणार नाही.

त्याचा दरबार साधा होता की थाटाचा?

थाटाचा, आणि त्याचा पुरावा चक्क स्वयंपाकघरातून मिळतो. त्याच्या मुदपाकखान्याचा प्रमुख मेत्र शिकार (या नावाचा आपल्याकडच्या शिकारीशी काही संबंध नाही) याने १४२० मध्ये ड्यूकच्या सांगण्यावरून पाककलेवर एक ग्रंथ लेखनिकाला सांगून लिहवून घेतला. मोठ्या मेजवानीची तयारी कशी करावी हे सांगताना तो १०० बैल, १३० मेंढ्या आणि १२० डुकरे अशी सुरुवात करतो आणि पुढे पक्षी, मासे, मसाले, सरपण, भांडी यांचा हिशेब मांडत जातो. मसाल्यांत सुंठ, मिरी, लवंग, जायफळ यांची रेलचेल आहे, आणि त्यातले बहुतेक जिन्नस हिंदी महासागरातल्या व्यापारातून, अनेक हात बदलून, तिथवर पोचत.

१४३४ च्या फेब्रुवारीत त्याचा मुलगा लुई याचा सायप्रसच्या राजघराण्यातील अ‍ॅन हिच्याशी शांबेरीत विवाह झाला, तेव्हा त्या काळचा नामांकित संगीतकार ग्योम द्युफाय साव्हॉय दरबाराच्या सेवेत होता. हा सोहळा नोंदवून ठेवायचा तो एवढ्यासाठी, की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात यजमानाने दाढी राखून करडा झगा घातला.

त्याने राज्यकारभार का सोडला?

एकच कारण सांगता येत नाही. पत्नी मेरी १४२० च्या दशकात वारली होती. नऊ अपत्यांपैकी काही बालपणीच गेली आणि ज्याच्यावर त्याची भिस्त होती तो थोरला राजपुत्र आमादेउस १४३१ मध्ये मरण पावला. त्याच्या जिवावर उठलेला एक कटही उघडकीस आला होता. धार्मिक ओढ जुनी होती, कारण रिपाय येथे त्याने १४१० मध्येच ऑगस्टिनियन पंथाचा मठ स्थापन केला होता. बाप जिथे गेला त्याच जागी त्याने हा मठ उभारला आणि पुढे स्वतःही तिथेच जाऊन राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या निवृत्तीमागे केवळ राजकीय चाल पाहणाऱ्यांचे मत अपुरे वाटते.

नोव्हेंबर १४३४ मध्ये त्याने दरबारी मंडळींना रिपायला बोलावून आपला निर्णय सांगितला. लुईला त्याने मुखत्यार नेमले, ड्यूकपद मात्र दिले नाही. मोठे तह, विवाहसंबंध आणि पैशाचे प्रश्न रिपायलाच येत राहिले. मराठीत याला वानप्रस्थ म्हणता येईल, संन्यास म्हणता येणार नाही.

रिपाय येथील जीवन कसे होते?

मठाशेजारी त्याने सात मनोऱ्यांचा वाडा बांधवला. एक मनोरा स्वतःसाठी आणि उरलेले सहा सोबत्यांसाठी होते. हे सोबती म्हणजे वयाने पिकलेले, वकिलातींवर आणि रणांगणावर आयुष्य काढलेले सरदार. संत मॉरिस या सैनिक हुतात्म्याच्या नावाने त्यांचा छोटा संघ स्थापन झाला. अंगात करडा झगा, गळ्यात सोन्याचा क्रूस, वाढवलेली दाढी असा त्यांचा वेष होता. आठवड्यातील काही दिवस प्रार्थनेला, काही दिवस राज्याच्या सल्लामसलतीला, अशी त्यांच्या जीवनाची वाटणी होती. या संघातूनच पुढे १५७२ मध्ये संत मॉरिस आणि संत लाझारस यांचा सरदारसंघ आकाराला आला.

फ्रेंच भाषेत चैनीच्या जेवणावळीला रिपाय म्हणतात, तो शब्द यावरूनच आला का?

बहुधा नाही. शब्द आणि गावाचे नाव सारखे असल्यामुळे, तसेच त्याच्या विरोधकांनी रिपायच्या साधूंच्या ताटाविषयी चविष्ट कंड्या पिकवल्यामुळे हा संबंध लोकांच्या मनात पक्का बसला. १८ व्या शतकात जिनिव्हा सरोवराकाठी राहायला आलेल्या व्होल्तेरनेही या राजसाधूची कवितेतून टर उडवली. शब्दाची व्युत्पत्ती मात्र ओरबाडणे, खरवडणे अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदाकडे जाते.

एक पोप पदावर असताना दुसऱ्याची निवड करण्याची वेळ का आली?

यासाठी थोडे मागे जावे लागते. १३७८ ते १४१७ या काळात पश्चिम युरोपात आधी दोन आणि नंतर तीन पोप एकाच वेळी हक्क सांगत होते. हा तिढा कॉन्स्टन्स येथील धर्मपरिषदेने सोडवला. १४१५ मध्ये तिने असा ठराव केला की सर्वसाधारण धर्मपरिषदेला अधिकार थेट ख्रिस्ताकडून मिळतो आणि श्रद्धा, फूट व सुधारणा या बाबतींत पोपनेही तिचे ऐकले पाहिजे. १४१७ मध्ये तिने अशा परिषदा ठरावीक अंतराने भरवण्याचा नियमही केला.

त्या नियमानुसार १४३१ मध्ये बाझल येथे परिषद भरली. नवा पोप चौथा यूजीन याला ती पहिल्यापासून नकोशी होती. त्याने ती विसर्जित करण्याचा प्रयत्न केला, माघार घेतली आणि शेवटी १४३७ मध्ये ती इटलीतील फेरारा येथे हलवल्याचे जाहीर केले. पूर्वेकडील ग्रीक चर्चशी ऐक्याची बोलणी हे त्याचे कारण होते. १४३९ मध्ये फ्लॉरेन्स येथे ते ऐक्य कागदोपत्री झालेही. बाझलला मागे राहिलेल्यांनी हे स्थलांतर बेकायदा ठरवले. त्यांच्यात बिशप थोडे, विद्यापीठांचे पंडित आणि कनिष्ठ धर्मगुरू जास्त, अशी स्थिती होती. १४३९ च्या मे महिन्यात एका निर्णायक बैठकीत बिशपांची आसने रिकामी दिसू लागली, तेव्हा अध्यक्ष कार्डिनल लुई आलमां याने शहरातील चर्चमधून संतांचे अवशेष मागवून त्या रिकाम्या आसनांवर ठेवले. २५ जून १४३९ रोजी परिषदेने यूजीनला पदच्युत केले. पदच्युत करणे सोपे होते. पुढचा प्रश्न नवा पोप कुठून आणायचा हा होता.

निवडणूक कशी झाली?

पोप निवडण्याचा अधिकार कार्डिनलांचा, आणि बाझलला कार्डिनल एकच उरला होता. म्हणून परिषदेने काही विश्वासू पंडितांना इतर निर्वाचक निवडण्यास सांगितले. त्यांच्यात पॅरिसचा तोमा द कूर्सेल होता, जो आठ वर्षांपूर्वी जोन ऑफ आर्कच्या खटल्यात न्यायमंडळावर बसला होता. आलमांसह एकूण ३३ निर्वाचक झाले: ११ बिशप, ७ मठाधिपती आणि उरलेले धर्मशास्त्राचे व कायद्याचे पंडित. शहरात तेव्हा प्लेगची साथ होती. ३० ऑक्टोबर रोजी त्सुर म्युके नावाच्या घरात दार बंद झाले आणि ५ नोव्हेंबर १४३९ रोजी, पाचव्या फेरीत, आमादेउसला ३३ पैकी २६ मते मिळाली.

ही निवड भावनेपोटी झाली असे मानण्याचे कारण नाही. परिषदेकडे ठराव होते, पण पैसा, सैन्य आणि राजघराण्यांशी नाती यांपैकी काहीच नव्हते. आमादेउसकडे ही तिन्ही होती, शिवाय रिपायच्या दाढीमुळे पावित्र्याचा वलयही होता. त्याच्या विवाहित जीवनावर आणि मुलाबाळांवर आक्षेप निघाले, तेव्हा समर्थकांनी प्रतिप्रश्न केला की संत पेत्रालाही बायको नव्हती काय?

तो धर्मगुरू नव्हता, तरी पोप कसा होऊ शकला?

चर्चच्या कायद्यानुसार बाप्तिस्मा झालेला कोणताही पुरुष या पदासाठी निवडला जाऊ शकतो. निवड झाल्यावर त्याला गुरुदीक्षा आणि बिशपपदाची दीक्षा घ्यावी लागते. आमादेउसने त्या क्रमाने दीक्षा घेतल्या आणि २४ जुलै १४४० रोजी बाझल येथे आलमांच्या हस्ते त्याला बिशपपदाची दीक्षा व पोपचा मुकुट मिळाला. त्या मिस्सेत त्याच्या सेवेला त्याचे दोन मुलगे उभे होते. ५६ वर्षांचा विधुर बाप वेदीपाशी आणि मुलगे शेजारी, हे दृश्य पाहायला आलेल्या गर्दीला विचित्र वाटले की हृद्य, हे पाहणाऱ्याच्या पक्षावर अवलंबून होते.

त्याने पद लगेच स्वीकारले का?

नाही. डिसेंबर १४३९ मध्ये परिषदेचे शिष्टमंडळ रिपायला आले आणि बोलणी काही दिवस चालली. शपथेच्या मसुद्यावर त्याचे आक्षेप होते, नाव बदलावे की नाही हा प्रश्न होता आणि दाढी काढण्यालाही तो नाखूश होता. मुख्य मुद्दा मात्र पैशाचा होता. चर्चमधील पद मिळालेल्याने पहिल्या वर्षाचे उत्पन्न पोपच्या खजिन्यात भरायचे, ही प्रथा परिषदेने १४३५ मध्ये बंद केली होती. मग पोपने जगायचे कशावर, वडिलोपार्जित संपत्ती खर्चून मुलांना उघड्यावर टाकायचे काय, असे त्याने विचारल्याचे एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी लिहितो. पिक्कोलोमिनी त्या निवडणुकीच्या वेळी परिषदेच्या सेवेत होता आणि नंतर फेलिक्सचा चिटणीस झाला, त्यामुळे तो आतल्या गोटातला साक्षीदार होता. पुढे त्याने पक्ष बदलला, हे मात्र त्याचे शेरे वाचताना ध्यानात ठेवावे.

हा प्रश्न अनेक इतिहासकारांनी कंजूषपणाचा पुरावा म्हणून मांडला आहे. माझ्या मते त्या शिष्टमंडळाशी बोलताना विचारला गेलेला तोच सर्वांत शहाणा प्रश्न होता, आणि पुढची दहा वर्षे त्याच्याच उत्तरावर अडली. १७ डिसेंबरला त्याने होकार दिला, दाढी गेली आणि ६ जानेवारी १४४० रोजी ड्यूकपद लुईच्या नावे झाले.

पोप म्हणून त्याला कोणी मान्यता दिली?

त्याची स्वतःची साव्हॉय, बाझल, स्वित्झर्लंडचा काही भाग, म्युनिकचा बव्हेरियन ड्यूक आणि काही जर्मन प्रदेश त्याच्या बाजूला होते. पॅरिस, व्हिएन्ना, कोलोन, एरफुर्ट, क्राकूव्ह अशा विद्यापीठांतून परिषदेच्या तत्त्वाला जोरदार पाठिंबा मिळाला. राजांचे वागणे वेगळे होते. फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने १४३८ मध्येच बाझलच्या सुधारणांपैकी सोयीच्या तेवढ्या आपल्या राज्यात लागू करून घेतल्या होत्या. १४४० मध्ये त्याने फेलिक्सला मान्यता नाकारली आणि त्याचा उल्लेख साव्हॉयचे महाशय असा करवला. जर्मन संस्थानिकांनी तटस्थतेची घोषणा केली होती आणि ती दोन्हीकडून सवलती मिळेपर्यंत टिकवली. स्पेनमधील आरागॉनचा राजा पाचवा अल्फोन्सो याने नेपल्सवरील हक्कासाठी फेलिक्सचे नाव पटावर ठेवले आणि १४४३ मध्ये यूजीनने तो हक्क मान्य करताच आपली माणसे बाझलहून परत बोलावली.

यूजीनने मार्च १४४० मध्ये फेलिक्सला बहिष्कृत केले होते. एकंदरीत फेलिक्स हा इतर राजांसाठी यूजीनकडून काहीतरी उकळण्याचे साधन ठरला. जर्मन राजा तिसरा फ्रेडरिक याच्याशी त्याने आपल्या मार्गारेट या विधवा मुलीच्या विवाहाची बोलणी लावून पाहिली, मोठा हुंडाही देऊ केला, पण फ्रेडरिकने नकार दिला.

धर्मपरिषदेशी त्याचे का बिनसले?

पुन्हा पैसा, आणि अधिकार. १४४० मध्ये परिषदेने त्याला पहिली पाच वर्षे चर्चच्या उत्पन्नाचा पाचवा आणि पुढची पाच वर्षे दहावा हिस्सा घेण्याची मुभा दिली. पण हा कर साव्हॉयबाहेर फारसा वसूल झाला नाही. ज्या परिषदेने पोपच्या हुकमतीविरुद्ध बंड केले होते, तिला आपण निवडलेल्या पोपलाही मोकळा हात द्यायचा नव्हता. आणि चाळीस वर्षे स्वतःच्या सहीने राज्य चालवलेल्या माणसाला पंडितांच्या समितीकडून प्रत्येक कागद तपासून घेण्याची सवय नव्हती. नोव्हेंबर १४४२ मध्ये त्याने प्रकृतीचे कारण देऊन बाझल सोडले आणि मुक्काम लोझान व जिनिव्हा येथे हलवला. परिषद बाझललाच राहिली. यानंतर पोप एका गावी आणि त्याला निवडणारी परिषद दुसऱ्या गावी, असा संसार सुरू झाला.

मग त्याने पोपपदाचा स्वतःच्या घराण्यासाठी उपयोग करून घेतला का?

होय, आणि तो फारसा लपवलाही नाही. १४४४ मध्ये जिनिव्हाचा बिशप वारला, तेव्हा फेलिक्सने त्या धर्मप्रांताचा कारभार स्वतःकडेच घेतला आणि मरेपर्यंत सोडला नाही. त्याच्यानंतर ते पद त्याच्या पिएर या अल्पवयीन नातवाला मिळाले. चार दशकांपूर्वी खरेदीखताने जे शहर हाती आले नव्हते, ते अशा रीतीने बिशपच्या दंडातून घराण्याच्या प्रभावाखाली आले. तो पोप झाल्यावर ड्यूक राहिला नाही हे कायद्याच्या दृष्टीने खरे आहे. पण त्याचा पत्रव्यवहार आणि नेमणुका पाहिल्या तर झग्याआत तोच ड्यूक बसलेला सतत जाणवतो.

त्याने पद का आणि कसे सोडले?

यूजीन २३ फेब्रुवारी १४४७ रोजी वारला आणि ६ मार्चला पाचवा निकोलस निवडून आला. यूजीनविषयी असलेला वैयक्तिक राग निकोलसच्या वाट्याला आला नाही. १४४८ च्या फेब्रुवारीत फ्रेडरिकने निकोलसशी व्हिएन्ना येथे करार केला आणि बाझल शहराला परिषद हाकलून देण्याचा आदेश दिला. उरलेली मंडळी लोझानला फेलिक्सकडे आली. फ्रान्सच्या राजाने मध्यस्थी पत्करली आणि महिनोन्‌महिने अटी ठरत राहिल्या.

या अटींमध्ये आमादेउसच्या मुत्सद्देगिरीचा कळस दिसतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर घातलेले बहिष्कार रद्द व्हायचे होते, त्याने केलेल्या नेमणुका शक्यतो कायम राहायच्या होत्या आणि त्याच्या समर्थकांना शिक्षा होणार नव्हती. ७ एप्रिल १४४९ रोजी लोझान येथे त्याने पदत्याग केला. त्यानंतर १९ एप्रिलला परिषदेने निकोलसचीच पोप म्हणून निवड केली, जणू रोमच्या गादीवर तो दोन वर्षे बसलेलाच नव्हता, आणि २५ एप्रिलला स्वतःचे विसर्जन केले. कोणालाही आपण चुकलो असे म्हणावे लागले नाही. आमादेउस साबिनाचा कार्डिनल-बिशप झाला, पोपनंतरचा मान त्याला मिळाला, पोपच्या वेषातील काही चिन्हे वापरण्याची परवानगी राहिली आणि साव्हॉय व आसपासच्या प्रदेशात पोपचा प्रतिनिधी म्हणून अधिकारही मिळाला. १४५२ मध्ये निकोलसने त्याच्या मुलाला, ड्यूक लुईला, राज्यातील बिशपांच्या नेमणुकांत निर्णायक शब्द दिला. ही सवलत घराण्याने पुढे अनेक शतके जपली.

त्याच्या जवळच्या माणसांचे पुढे काय झाले?

सर्वांत लांबचा पल्ला पिक्कोलोमिनीने गाठला. त्याने १४४२ मध्ये फेलिक्सची नोकरी सोडून फ्रेडरिकची धरली, १४४५ मध्ये यूजीनची क्षमा मागितली आणि १४५८ मध्ये तो स्वतः दुसरा पायस या नावाने पोप झाला. तारुण्यात परिषदेची बाजू मांडलेल्या या माणसाने १४६० मध्ये पोपविरुद्ध परिषदेकडे दाद मागण्यासच बंदी घातली. लुई आलमांला निकोलसने पुन्हा कार्डिनल म्हणून मान्य केले. पुढे १६ व्या शतकात त्याला धन्य ही, संतपदाच्या आधीची, पदवीही मिळाली.

मला स्वतःला सेगोव्हियाचा हुआन अधिक भावतो. हा स्पॅनिश पंडित फेलिक्सने कार्डिनल केलेला. १४४९ नंतर तो साव्हॉयमधील एतों येथील एका छोट्या मठात राहिला. कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये पडल्यावर युरोपात युद्धाची भाषा सुरू असताना त्याने सेगोव्हियाहून इसा या मुस्लिम विद्वानाला बोलावून घेतले आणि त्याच्या मदतीने कुराणाचा अनुवाद करून घेतला. वादविवाद करायचा तर समोरच्याचा ग्रंथ नीट वाचला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

पोपांच्या अधिकृत यादीत त्याचे नाव आहे का?

नाही. तरीही फेलिक्स या नावाच्या क्रमांकांत गंमत आहे. चौथ्या शतकातील दुसरा फेलिक्स हाही प्रतिपोपच मानला जातो, पण त्याचा आकडा मोजून पुढच्या दोन अधिकृत पोपांना तिसरा आणि चौथा म्हटले गेले. त्यामुळे पाचवा फेलिक्स हा प्रत्यक्षात पाचवा नाही आणि अधिकृतही नाही.

ख्रिस्ताचे मानले जाणारे प्रसिद्ध ट्यूरिनचे कफनवस्त्र त्याच्याकडे होते का?

नव्हते. ते वस्त्र १४५३ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, मार्गारेट द शार्नी हिच्याकडून त्याचा मुलगा लुई याच्या ताब्यात आले.

त्याच्याशी निगडित काय आज पाहता येते?

रिपायचा वाडा तोनों-ले-बँ या गावी सरोवराकाठी उभा आहे. सातांपैकी काही मनोरे टिकले आहेत आणि भोवतालच्या मळ्यांतील द्राक्षांपासून तयार होणारी पांढरी वाइन रिपाय याच नावाने विकली जाते. त्याची कबरही तिथेच होती, पण १५३६ मध्ये बर्नच्या प्रोटेस्टंट सैन्याने तो प्रदेश घेतला तेव्हा तिची मोडतोड झाली. अवशेष पुढे ट्यूरिनला नेण्यात आले आणि १९ व्या शतकात कफनवस्त्राच्या प्रार्थनागृहात त्याचे संगमरवरी स्मारक उभारले गेले.

त्याचा काळ डोळ्यांपुढे आणायचा असेल तर मात्र जिनिव्हाच्या कला व इतिहास संग्रहालयात जावे. कोनराड व्हिट्स या बाझलच्या चित्रकाराने १४४४ मध्ये तेथील कॅथीड्रलसाठी रंगवलेल्या वेदीचित्रात ख्रिस्त गालीली सरोवरावर चालतो आहे, पण पाण्यापलीकडे दिसतो तो जिनिव्हा सरोवराचा काठ, मागे साव्हॉयचे ओळखू येणारे डोंगर आणि किनाऱ्यावरून जाणारी साव्हॉयच्या निशाणाची घोडेस्वारांची तुकडी.